यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाला खर्चाचे लेखी अंदाजपत्रक मिळावे : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य
प्रत माहितीसाठी : राज्य आरोग्य हमी सोसायटी (जन आरोग्य योजना राबवणारी संस्था), तसेच राज्यात यकृताच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या सर्व सरकारी, धर्मादाय व खासगी रुग्णालयांची व्यवस्थापने

विषय : यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांना उपचारापूर्वी दिला जाणारा खर्चाचा अंदाज

महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. रस्ते, बंधारे, शाळाखोल्या, अंगणवाड्या अशा असंख्य कामांची अंदाजपत्रके या काळात माझ्या टेबलावरून गेली. काम दोन वर्गखोल्यांचे असले तरी खोदाई किती घनमीटर, सिमेंटच्या गोण्या किती, लोखंड किती किलो आणि कोणत्या वर्षीच्या दरसूचीने दर लावले, हे सारे कागदावर आल्याशिवाय त्यावर सही होत नसे. खोदताना कठीण खडक लागला, तर आधी सुधारित अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचे आणि मगच पुढे जायचे, असा दंडक होता. तो दरवेळी पाळला गेला असा माझा दावा नाही. पण दंडक होता आणि तो मोडला तर जाब विचारणारा लेखापरीक्षकही होता.

२०२२ साली माझ्या थोरल्या बंधूंना यकृताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. सातारा जिल्ह्यातील एका गावी त्यांची तीन एकर शेती होती. पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात त्यांच्यावर पहिला उपचार ठरला, तेव्हा खर्चाचा अंदाज म्हणून आमच्या हाती जे आले ते होते केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनने लिहिलेले १,६०,०००. त्याखाली सही नव्हती, तारीख नव्हती, किती दिवसांचा मुक्काम धरला आहे याचा उल्लेख नव्हता. मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. आयुष्यभर अंदाजपत्रके तपासणाऱ्या माणसाला त्यात तपासण्यासारखे काहीच सापडले नाही. नवव्या दिवशी दादांना घरी सोडले, तेव्हा बिल ३,४२,००० रुपयांचे झाले होते.

उपचारात कोणी हयगय केली, असे माझे म्हणणे नाही. डॉक्टरांनी मनापासून प्रयत्न केले आणि त्यांच्याविषयी आमच्या घरात आजही कृतज्ञताच आहे. माझी तक्रार त्या आकड्याबद्दल आहे. १,६०,००० रुपयांची तजवीज आम्ही शांत डोक्याने केली होती : काही उसाच्या बिलातून, काही पतसंस्थेच्या कर्जातून. वरचे १,८२,००० रुपये मात्र दोन दिवसांत उभे करावे लागले आणि ते वहिनींच्या पाटल्या मोडून व भावकीत हात पसरून उभे राहिले. घाईत मोडलेल्या सोन्याला आणि घाईत काढलेल्या कर्जाला काय भाव पडतो, हे आपल्याला सांगायला नको. याहून मोठी हळहळ वेगळीच आहे. दादांकडे केशरी शिधापत्रिका होती आणि हाच उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील दुसऱ्या एका रुग्णालयात होऊ शकत होता. खर्च साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो, एवढे पहिल्या दिवशी कळले असते, तर आम्ही ती चौकशी नक्की केली असती. दीड लाखाचा आकडा ऐकून आम्ही ती केली नाही.

अंदाज का चुकला, हे मी नंतर बिलाच्या अकरा पानांवरून समजून घेतले. दादांच्या मांडीतील रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडायचे आणि ती धमनी बंद करायची, असा तो उपचार होता. डॉक्टर त्याला ‘टेस’ म्हणतात. केसपेपरवरचा आकडा बहुधा या प्रक्रियेचा आणि तीन दिवसांच्या मुक्कामाचा होता. प्रत्यक्षात प्रक्रियेनंतर ताप आला, पोटातील पाणी वाढले, कावीळ दाखवणारे रक्तातील बिलिरुबिन चढले आणि दोन रात्री अतिदक्षता विभागात काढाव्या लागल्या. शिरेतून द्यायच्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या बाटल्या, प्रतिजैविके, पुन्हा केलेला सीटी स्कॅन यांची भर पडली. शिवाय साध्या पद्धतीऐवजी औषध भरलेले सूक्ष्म मणी वापरले गेले होते आणि त्यांची किंमत वेगळी लागली होती. यातली एकही गोष्ट वैद्यकशास्त्राला अनपेक्षित नव्हती, हे मला नंतर कळले. ताप आणि पोटदुखी या उपचारानंतर इतकी नेहमीची आहे की डॉक्टरांकडे त्या लक्षणसमूहाला स्वतंत्र नाव आहे. यकृत आधीच दुबळे असेल तर ते आणखी बिघडण्याचा धोकाही ठाऊक असतो. म्हणजे खडक कुठे लागू शकतो, याची माहिती होती. ती अंदाजपत्रकात उतरली नाही, इतकेच.

महोदय, हे पत्र मी सगळ्या आजारांविषयी न लिहिता यकृताच्या कर्करोगाविषयीच लिहितो आहे, त्याला कारण आहे. या रुग्णांपैकी बहुतेकांना एकाच वेळी दोन आजार असतात. एक कर्करोगाची गाठ, आणि दुसरा ज्या यकृतात ती वाढली त्या यकृताचा आजार. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारी यकृतातील चरबी, यांपैकी कशाने तरी यकृत वर्षानुवर्षे झिजून सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, झालेला असतो. गाठीवर काय करायचे ते गाठीचा आकार, संख्या आणि ती रक्तवाहिनीत शिरली आहे का यावर ठरते. पण रुग्णाला ते किती झेपेल आणि किती दिवस रुग्णालयात राहावे लागेल, हे पुष्कळसे उरलेल्या यकृतावर अवलंबून असते. त्याचे मोजमाप डॉक्टरांपाशी तयार असते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची चाचणी, पोटातील पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींना गुण देऊन चाइल्ड-प्यू पद्धतीने रुग्णाचे यकृत ए (सर्वांत सुस्थितीतले), बी किंवा सी (सर्वांत बिघडलेले) गटात घातले जाते. आजाराची अवस्था ठरवण्यासाठी बार्सिलोना पद्धत जगभर वापरली जाते आणि तिच्यात गाठ, यकृत व रुग्णाची एकूण तब्येत या तिन्हींचा विचार होतो. दादांच्या फाइलमध्ये पहिल्याच आठवड्यात या दोन्ही पद्धतींची अक्षरे लिहिलेली होती. ‘चाइल्ड-प्यू बी’ ही नोंद डॉक्टरांनी उपचार ठरवताना विचारात घेतली, पण खर्च सांगणाऱ्या खिडकीपर्यंत ती पोहोचली नाही. ए गटातील आणि बी गटातील रुग्णाला एकच आकडा सांगणे म्हणजे मुरमाच्या आणि काळ्या पाषाणाच्या खोदाईला एकच दर लावणे होय.

दुसरे कारण असे की, या आजारात एक भरती म्हणजे एक उपचार, असे गणित बसत नाही. टेस पुष्कळदा पुन्हा करावे लागते. प्रत्येक उपचारानंतर काही आठवड्यांनी तीन टप्प्यांतला सीटी किंवा एमआरआय होतो, गाठीचा मागोवा घेणारी एएफपी ही रक्तचाचणी होते. सिरोसिस असल्याने अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी दुर्बिणीची तपासणी होते आणि गरज पडल्यास त्या शिरांना रबरी पट्ट्या बांधतात. हिपॅटायटिस बी असेल तर त्याची गोळी रोज, बहुधा जन्मभर. यातला बराचसा खर्च रुग्णालयाच्या बिलात येतच नाही; तो तपासणी केंद्राच्या, औषधाच्या दुकानाच्या आणि गाडीभाड्याच्या पावत्यांत विखुरलेला असतो.

मी सवयीने वही ठेवली होती. निदानापासून दादा गेले तोवरच्या १९ महिन्यांत त्या वहीत ११,८६,००० रुपये जमा झाले. त्यातले ३,४२,००० पहिल्या भरतीचे आणि ४,१०,००० शेवटच्या अकरा दिवसांचे. मधला दुसरा टेस योजनेतील रुग्णालयात झाला, त्याला आम्हाला पैसे द्यावे लागले नाहीत. उरलेल्या ४,३४,००० पैकी स्कॅन, दुर्बीण व रक्तचाचण्यांचे १,७४,०००, औषधांचे १,५२,००० आणि प्रवास, सोबत राहणाऱ्यांची खोली व जेवण यांचे १,०८,०००. एकूण खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग असा होता, ज्याचा अंदाज कोणत्याही रुग्णालयाने आम्हाला कधी दिला नाही, कारण तो त्यांच्या बिलाचा भाग नव्हता. एका कुटुंबाच्या वहीवरून राज्याचे धोरण ठरत नाही, हे मी जाणतो. परंतु सुरुवातीला मोठा खर्च, मधले महिने त्यामानाने सौम्य आणि शेवटच्या आठवड्यांत पुन्हा उसळी, हा आकार आमच्या घरापुरता नाही. कर्करोगाच्या खर्चाचा अभ्यास करणारे लोक आरंभीचा, मधला आणि अखेरचा असे टप्पे वेगळे धरूनच हिशेब करतात. आपल्याकडचा अंदाज मात्र पहिल्या टप्प्यातल्या पहिल्या भरतीपाशी थांबतो.

आता सरासरीविषयी लिहितो, कारण काही रुग्णालये विचारल्यावर ‘साधारण इतका खर्च येतो’ असे सांगतात आणि तो आकडा प्रामाणिकपणे काढलेली सरासरी असतो. समजा, दहा रुग्णांपैकी आठ जणांचे बिल दीड लाख झाले आणि दोघांचे गुंतागुंतीमुळे सहा लाख. सरासरी निघाली २,४०,०००. पण त्या दहांपैकी एकाही रुग्णाने २,४०,००० भरलेले नाहीत. आठ कुटुंबांनी गरजेपेक्षा जास्त पैसे काढले आणि दोन कुटुंबे उघड्यावर पडली. म्हणून रुग्णाला तीन आकडे हवेत : सर्व बिले चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे बिल, चारातल्या तिघांचे बिल ज्याच्या आत राहिले तो आकडा, आणि अतिदक्षता विभागात जावे लागलेल्यांचे बिल. हे काढायला मोठी विद्या लागत नाही. रुग्णालयाच्या संगणकात सगळी बिले असतातच. ती क्रमाने लावायची असतात.

अशा हिशेबात आणखी एक फसगत होते आणि तिच्याकडे आपल्या विभागातील सांख्यिकी अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते. जो रुग्ण मधेच उपचार सोडून गावी जातो, दुसऱ्या रुग्णालयात जातो किंवा लवकर दगावतो, त्याचा कागदावरचा खर्च थोडका दिसतो. अशा रुग्णांना ‘पूर्ण उपचार झालेले’ समजून सरासरीत धरले, तर आजार आहे त्यापेक्षा स्वस्त दिसू लागतो. पैसे संपल्याने थांबलेला उपचार आणि बरे वाटल्याने थांबलेला उपचार, हे दोन्ही हिशेबात एकसारखे दिसता कामा नयेत. यासाठी प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत तो किती महिने देखरेखीखाली होता आणि का थांबला, हे लिहिलेले असले पाहिजे.

औषधांच्या बाबतीत आपल्या देशाने एकदा मोठे पाऊल उचलले आहे आणि ते नेमके याच आजाराच्या औषधासाठी होते, याची आठवण करून देतो. सोराफेनिब हे पुढच्या अवस्थेतील यकृताच्या कर्करोगावर उपयोगी ठरलेले पहिले गोळीस्वरूप औषध. बायर कंपनीच्या या औषधाच्या महिन्याभराच्या १२० गोळ्यांची किंमत २,८०,४२८ रुपये होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला देशातील पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची परवानगी, दिला आणि तेवढ्याच गोळ्यांसाठी ८,८८० रुपयांची मर्यादा घातली. पुढे जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो परवाना कायम ठेवला. दादांना अखेरच्या महिन्यांत गोळ्या घेता आल्या, त्या अशा निर्णयांनंतर बदललेल्या बाजारामुळे.

आज मात्र उपचार पुढे गेले आहेत. पुढच्या अवस्थेतील रुग्णांना अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही दोन इंजेक्शने दर तीन आठवड्यांनी एकत्र देण्याची पद्धत २०२० पासून रूढ झाली आहे. पहिल्याची मात्रा ठरलेली, १२०० मिलिग्रॅम. दुसऱ्याची वजनावर, किलोमागे १५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ९०० मिलिग्रॅम लागते आणि औषध १०० व ४०० मिलिग्रॅमच्या कुप्यांत येते, म्हणजे ४०० च्या दोन व १०० ची एक. ६३ किलोच्या माणसाला ९४५ मिलिग्रॅम लागते, म्हणजे एक कुपी अधिक, आणि तिच्यातले अर्ध्याहून जास्त औषध वाया जाण्याची शक्यता. हे इतके निश्चित गणित आहे. तरीही ‘इंजेक्शनचा खर्च बराच येईल’ याखेरीज रुग्णाला काही सांगितले जात नाही. गोळ्यांचेही तसेच. लेन्व्हॅटिनिब ६० किलो व त्याहून अधिक वजनाला रोज १२ मिलिग्रॅम आणि त्याखाली ८ मिलिग्रॅम देतात. दादांचे वजन तेव्हा ५७ होते. दुकानदाराने मात्र महिन्याचा खर्च १२ च्या हिशेबाने सांगितला आणि त्या आकड्याने आम्ही दोन आठवडे गोळी सुरूच केली नाही. हे उपचार किती महिने चालतील हे आधी सांगता येत नाही, हे खरे. पण पहिल्या तपासणी स्कॅनपर्यंत किती मात्रा होतील आणि त्यांना काय लागेल, हे तर नक्कीच सांगता येते. तेवढी मुदत धरून अंदाज द्यावा, स्कॅन पाहून पुढचा द्यावा.

शस्त्रक्रियेने गाठ काढण्याच्या खर्चाविषयी फार लिहीत नाही. तिथे अतिदक्षता विभागातील दिवस आणि रक्ताच्या पिशव्या, हे दोन घटक लेखी आले तरी पुष्कळ काम होईल. प्रत्यारोपणाबद्दल मात्र एक सांगितले पाहिजे. पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, आणि रक्तवाहिनीत शिरकाव नाही, अशा रुग्णांना प्रत्यारोपणाचा चांगला उपयोग होतो, हे १९९६ च्या मिलान निकषांपासून मान्य आहे. जिवंत दात्याकडून यकृताचा भाग घ्यायचा असेल, तर दोन माणसांच्या दोन शस्त्रक्रिया होतात. त्याआधी भाऊ, मुलगा, पत्नी असे एकेकाला तपासले जाते आणि नाकारल्या गेलेल्या प्रत्येक दात्याच्या तपासण्यांचे पैसे कुटुंबच भरते. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. लोकवर्गणीतून शस्त्रक्रियेचे पैसे उभे करणाऱ्या कुटुंबांना या आधीच्या आणि नंतरच्या खर्चाचा कागद कोणी देत नाही, आणि वर्गणी एकदाच गोळा होते.

आता कायद्याकडे येतो. आपल्या राज्याने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. हे पाऊल चांगले होते. पण दरपत्रक म्हणजे फक्त दरसूची. खाटेचा रोजचा दर, अतिदक्षता विभागाचा दर, डॉक्टरांच्या भेटीचा दर भिंतीवर वाचून दादांच्या बिलाचा अंदाज मला, हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसालाही, करता आला नसता. किती दिवस, किती भेटी, किती बाटल्या, हे परिमाण त्यात नाही. दर आणि परिमाण यांचा गुणाकार होतो तेव्हाच अंदाजपत्रक होते, आणि परिमाण सांगू शकेल असा माणूस रुग्णालयातच असतो, रुग्णाच्या घरी नसतो.

विमा असलेल्यांची अडचण निराळी. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि त्याहून महाग खोली घेतली, तर फक्त खोलीचाच फरक नव्हे, तर डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियेचा आकार अशा संलग्न खर्चातूनही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून वस्तू व सेवा करही आला. खोली निवडताना या दोन ओळी कोणी वाचून दाखवल्या, तर अनेक जण साधी खोली घेतील.

जन आरोग्य योजनेचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मिळू लागले, याबद्दल शासनाचे मनापासून आभार. पण ही रक्कम कुटुंबाची आहे, रुग्णाची नाही. घरात आईची हृदयशस्त्रक्रिया त्याच वर्षी झाली असेल, तर मुलाच्या कर्करोगासाठी किती शिल्लक आहे, हे पहिल्याच दिवशी छापील कागदावर मिळाले पाहिजे. भरतीबाहेरचे कोणते स्कॅन, कोणत्या गोळ्या योजनेत येत नाहीत, हेही त्याच कागदावर हवे. धर्मादाय रुग्णालयांत उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव आहेत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. अंदाजपत्रकाच्या नमुन्यातच ‘आपण यात बसता का’ असा प्रश्न छापला, तर हा हक्क रुग्णाला शोधत बसावा लागणार नाही.

माझी मागणी कायदा बदलण्याची नाही. नियमांत एक नमुना जोडण्याची आहे. यकृताच्या कर्करोगासाठी दोन पानांचा, मराठीतला, तारीख आणि सहीसह. त्यात आजाराची अवस्था व चाइल्ड-प्यू गट, सुचवलेला उपचार व त्याला पर्याय, वॉर्डाचे आणि अतिदक्षता विभागाचे धरलेले दिवस, औषधे व साहित्याचे परिमाण आणि दर, संभाव्य गुंतागुंत व ती झाल्यास वाढणारा खर्च, आणि या अंदाजात काय धरलेले नाही, हे लिहावे. पुढच्या सहा महिन्यांतील तपासण्या व औषधांचा ढोबळ आकडा वेगळ्या ओळीत द्यावा. प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या २० टक्के पुढे जाण्याची चिन्हे दिसताच, बिल होईपर्यंत न थांबता, सुधारित अंदाज नातेवाइकांना समजावून द्यावा. जिवावर बेतलेल्या प्रसंगी उपचार आधी आणि कागद नंतर, हे उघडच आहे. आणि रुग्णालयांनी मागील वर्षातील आपल्या बिलांचे वर सांगितलेले तीन आकडे, रुग्णाची नावे न देता, दरवर्षी आपल्या विभागाकडे द्यावेत. राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे तर दाव्यांची माहिती आजच आहे. तिने प्रथम आपली माहिती प्रसिद्ध करावी, म्हणजे इतरांना सांगण्याचा अधिकार येईल.

काही डॉक्टर मित्रांशी मी यावर बोललो. शरीर म्हणजे इमारत नव्हे, आकडा लिहून दिला आणि चुकला तर नातेवाईक भांडायला येतील, अशी त्यांची भीती आहे. ती मी खोटी मानत नाही. वॉर्डात होणारी भांडणे आणि मारहाण मीही पाहिली आहे, आणि तिचे समर्थन कोणीच करू नये. पण त्या भांडणांच्या मुळाशी बहुतेक वेळा न सांगितलेला खर्च असतो, असे माझे निरीक्षण आहे. ‘दीड लाख लागतील, चारातल्या एकाला तीन लाखांपुढे जावे लागते, तुमचे यकृत दुबळे असल्याने तुमची शक्यता जास्त आहे’ असे आधी ऐकलेला माणूस तीन लाखांचे बिल पाहून दुःखी होईल, पण फसवले गेल्याची भावना त्याला होणार नाही. हे सगळे डॉक्टरांनी स्वतः बसून सांगावे, असाही आग्रह नाही. अवस्था आणि गट डॉक्टरांनी लिहावा; बाकी समजावण्याचे काम प्रशिक्षित वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांनी करावे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असा एक माणूस असला, तर पुण्या-मुंबईला निघण्यापूर्वीच कुटुंबाला कागद वाचून घेता येईल.

शेवटचा मुद्दा लिहिताना माझा हात थरथरतो, पण तो टाळला तर हे पत्र अपुरे राहील. दादांच्या शेवटच्या अकरा दिवसांत ४,१०,००० रुपये गेले. तोवर त्यांचे यकृत सी गटात गेले होते, शुद्ध हरपत होती आणि गाठीवर करण्यासारखे काही उरले नव्हते. हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि आम्हालाही आतून ठाऊक होते. अतिदक्षता विभागाचा रोजचा खर्च आम्हाला रोज संध्याकाळी सांगितला जाई. परंतु वेदना शमवणारे, पोटातील पाणी काढून श्वास मोकळा करणारे, घरी किंवा साध्या वॉर्डात होऊ शकणारे परिहारक उपचार हा एक मार्ग आहे, त्याला इतका खर्च येतो आणि त्यात आपण रुग्णाला वाऱ्यावर सोडत नाही, हे कोणी सांगितले नाही. आम्ही काय निवडले असते, मला आज सांगता येत नाही. वहिनी म्हणतात की त्यांनी दादांना घरी, ओसरीवर, नातवंडांजवळ आणले असते. अंदाजपत्रकात पर्यायी कामाची ओळ असते, ती या ठिकाणीही असावी, आणि ती लिहिताना कोणालाही संकोच वाटू नये, अशा रीतीने आपल्या विभागाने ती नमुन्यातच छापावी.

माझ्या वहीची छायांकित प्रत, रुग्णालयांची व व्यक्तींची नावे झाकून, आणि मी तयार केलेला दोन पानी नमुना या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवला आहे. नमुन्यातील काही रकाने वैद्यकीय दृष्टीने चुकीचे असू शकतील. यकृतरोगतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ, रुग्णालयांचे लेखापाल आणि रुग्णांचे नातेवाईक यांना एकत्र बसवून ते दुरुस्त करून घ्यावेत. अशा बैठकीला बोलावल्यास मी स्वखर्चाने येईन आणि वही बरोबर आणीन.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखाधिकारी, सातारा जिल्हा